व्यसन हा आजार आहे, हे आधी मान्य करू या



आपल्या तलमडुगु परिसरात दारूबद्दल कोणी बोलत नाही असे नाही. पारावर बोलतात, पानठेल्यावर बोलतात, लग्नाच्या मांडवातही बोलतात. पण या बोलण्याचा शेवट बहुधा ठरलेल्या दोन वाक्यांत होतो. पहिले वाक्य, "तो तर वाया गेला." दुसरे, "मनावर घेतले तर उद्या सोडेल, पण घेतच नाही." एवढे बोलून आपण उठतो आणि कामाला लागतो. ज्याच्या घरात तो माणूस आहे, त्या घराला उठून जाता येत नाही. त्या घरातली मुले दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या शाळेत येतात आणि इतर मुलांबरोबर प्रार्थनेला उभी राहतात. म्हणून हा विषय शाळेच्या अंकात यायला हवा, असे आम्हाला वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. त्याची लक्षणे आहेत, त्याचे कारण मेंदूच्या कामात सापडते आणि त्याच्यावर उपचारही आहेत. हे मान्य केले तर आपले पुढचे वागणे बदलते. मान्य केले नाही तर आपण उपदेश करतो, शपथा घालतो, शिव्या देतो, आणि आजार वाढत राहतो.

आधी हे स्पष्ट करू की पिणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर पूर्णपणे अवलंबून आहेत. म्हणजे पिणाऱ्या पाच-सहा जणांमागे एक जण या अवस्थेला पोहोचलेला असतो. तो कोण असेल हे पहिल्या घोटाला कोणालाच सांगता येत नाही. ज्याच्या रक्ताच्या नात्यात व्यसन आहे त्याला धोका अधिक असतो, एवढे मात्र नक्की. आजाराच्या खुणा अशा: तेवढ्याच नशेसाठी मात्रा वाढवावी लागते. सकाळी घोट घेतल्याशिवाय हातांची थरथर थांबत नाही. काम, शेत, सण, मुलांची परीक्षा, सगळे मागे पडते आणि दारू पुढे येते. नुकसान डोळ्यांना दिसत असूनही थांबता येत नाही.

हे "थांबता येत नाही" म्हणजे नक्की काय, हे आपल्याच राज्यात घडलेल्या एका गोष्टीवरून समजते. सप्टेंबर २०१५ मध्ये निजामाबाद आणि महबूबनगर भागात अबकारी खात्याने भेसळीच्या कल्लूविरुद्ध, म्हणजे शिंदीविरुद्ध, जोराची मोहीम उघडली. या शिंदीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी गुंगीची रसायने मिसळली जात. माल बंद झाला आणि थोड्याच दिवसांत दवाखान्यांत रांगा लागल्या. कोणाला आकडी येत होती, कोणाची मान वाकडी होत होती, कोणी समोर नसलेल्या माणसाशी बोलत होते. काहींचे प्राणही गेले. या रोग्यांत रोजमजुरी करणारे पुरुष होते आणि बायाही होत्या. त्यांतल्या अनेकांनी स्वतःला कधी व्यसनी मानले नसेल. दिवसभराच्या कामानंतर सगळे घेतात तशी शिंदी ते घेत होते. ती मिळेनाशी झाल्यावरच कळले की शरीर तिच्यावर किती टेकलेले आहे.

असे का होते? उतारावरची बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. चाकाला ब्रेक लावलेला आहे आणि तरीही गाडी पुढे जावी म्हणून बैल जोर करत आहेत. दारू आणि गुंगीची औषधे मेंदूला असा ब्रेक लावतात. रोज ब्रेक लागू लागला की मेंदू आपले काम चालू ठेवण्यासाठी उलट दिशेने जोर वाढवतो. महिन्यामागून महिने हे चालते. मग एक दिवस दारू एकदम बंद होते. ब्रेक सुटतो, बैलांचा जोर मात्र तसाच राहतो आणि गाडी उधळते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या एक-दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नाही ते दिसू लागते, दिवस-रात्रीचे भान राहत नाही. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दारूची दुकाने बंद झाली तेव्हा हैदराबादच्या एर्रागड्डा येथील मानसिक आरोग्य संस्थेत अशाच रोग्यांची गर्दी वाढली होती.

यातून पालकांसाठी एक अतिशय महत्त्वाची सूचना निघते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून, दोरीने बांधून किंवा देवासमोर शपथ घालून एका दिवसात दारू सोडायला लावू नका. हेतू चांगला असतो, पण जीव धोक्यात येतो. त्याला दवाखान्यात न्या. पहिले सात-आठ दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हा त्रास सुखरूप पार पाडता येतो.

दुसरी सूचना पावडरीबद्दल. बाजारात आणि बसस्टँडवर "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती दिसतात. घरची बाई बिचारी कर्ज काढून ती पुडी आणते आणि नवऱ्याच्या भाजीत मिसळते. पुडीत नेमके काय असते हे कोणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. त्याचा हा उपयोग डेन्मार्कमधील संशोधकांनी १९४८ मध्ये जगापुढे आणला. ते घेतलेले असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. म्हणूनच हे औषध रोग्याला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासणी करूनच द्यायचे असते. नकळत दिले तर ज्याला वाचवायचे त्याचाच जीव जाऊ शकतो. नवरा वाचावा म्हणून धडपडणाऱ्या त्या बाईला आम्ही दोष देत नाही. तिला योग्य दार कोणी दाखवले नाही, हे दुःख आहे.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. "मनावर घेतले तर सोडेल." शरीराचा त्रास आठवड्याभरात ओसरतो, हे खरे. पण ओढ ओसरत नाही. एखादी गोष्ट सुखाची आहे, ती पुन्हा कर, असे मेंदूला सांगणारी जी व्यवस्था आहे, तिच्यात डोपामिन नावाचे रसायन काम करते. नशेचे पदार्थ ही व्यवस्थाच ताब्यात घेतात. मग ते दुकान, तो रस्ता, तो मित्र, कापसाचा चुकारा हातात पडलेली ती संध्याकाळ, एवढे दिसले तरी ओढ जागी होते. ज्या भागाने "थांब" म्हणायचे तो मेंदूचा पुढचा भागच दारूने दुबळा झालेला असतो. मनाची ताकद वापर असे आपण ज्याला सांगतो, त्याची तीच ताकद आजाराने खाल्लेली असते.

म्हणून माणूस कोणत्या वातावरणात परत येतो याला फार महत्त्व आहे. जगात या गोष्टीचा एक मोठा पुरावा आहे. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी साधारण पाचातला एक हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेला होता. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात फक्त ५ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्के लोक पुन्हा व्यसनात गेले. जागा बदलली, सोबत बदलली, भीती संपली, घर आणि काम मिळाले, तेव्हा बहुतेक जण सुटले. आपल्या गावातला माणूस मात्र उपचार घेऊन त्याच गल्लीत, त्याच बेल्ट शॉपसमोर आणि त्याच टोमण्यांत परत येतो.

मराठी माणसाला हे शंभर वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर बुद्धिमान वकील आहे. अपमानाच्या क्षणी तळीराम त्याच्या हाती प्याला देतो. पुढे तोच सुधाकर दारू सोडायचे ठरवतो आणि काम शोधायला बाहेर पडतो. प्रतिष्ठित माणसे त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. आपण या नाटकातली सिंधू लक्षात ठेवली आणि तळीरामही लक्षात ठेवला. सुधाकराला दारातून परत पाठवणारी माणसे मात्र आपण विसरलो.

ती माणसे व्हायचे नसेल तर काय करायचे, याचे उत्तरही मराठी मुलखातच आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक बळ दिले. तिथे येणाऱ्याला 'रुग्णमित्र' म्हणतात. सुमारे पाच आठवडे राहून औषधे, समुपदेशन, योगासने, श्रम आणि गटात बसून मनमोकळे बोलणे, असा दिनक्रम असतो. घरच्यांनाही समजावले जाते. बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. बाहेर पडल्यावर पाठपुरावा चालू राहतो आणि व्यसनाशिवाय वर्ष काढले की त्याचा वाढदिवस साजरा होतो. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले, तरी कन्या मुक्ता पुणतांबेकर आणि सहकाऱ्यांनी काम पुढे चालू ठेवले. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटनाही याच तत्त्वावर चालते: सुटू पाहणाऱ्याला सुटलेल्याची सोबत मिळाली पाहिजे. आपल्याकडे माळ घातलेला वारकरी दारूपासून दूर राहतो, त्यातही श्रद्धेइतकीच सोबत काम करते. माळ घातली की संध्याकाळी जायला भजनाची जागा मिळते आणि बसायला माणसे मिळतात. दवाखाना आणि माळ यांत भांडण नाही. आधी दवाखाना, मग सोबत, असा क्रम ठेवावा एवढेच.

कोणी म्हणेल, हे सगळे कशाला, दुकानेच बंद करा. या मताबद्दल आम्हाला आदर आहे. १९९२ मध्ये आपण आंध्र प्रदेशात होतो तेव्हा नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या साक्षरता वर्गातल्या बायांनी अरकाची विक्री बंद पाडली. त्यांचे आंदोलन राज्यभर पसरले, १९९३ मध्ये अरकावर बंदी आली आणि १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी झाली. ती १९९७ मध्ये उठली. आपल्या शेजारच्या मुलखात गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. दारू सहज मिळेनाशी झाली तर नवी मुले तिच्याकडे कमी वळतात, म्हणून गावातले बेल्ट शॉप बंद व्हावे असेच आमचेही मत आहे. पण ज्यांना आजार आधीच जडला आहे त्यांचे काय? २०१५ ची शिंदीची गोष्ट आपण वर पाहिली. पुरवठा थांबवणाऱ्यांनी उपचाराची सोयही त्याच दिवशी करायला हवी. शिवाय आपण सीमेवर राहतो. इकडचे दुकान बंद झाले तर तिकडची देशी पिशवीत घालून आणायला फार वेळ लागत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या पुढाकाराने चाललेल्या 'मुक्तिपथ' अभियानात गावबंदी आणि उपचार दोन्ही सोबत चालतात. हा मार्ग आम्हाला पटतो. एम्सच्या त्याच पाहणीत असे आढळले की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. बाकीच्या ३७ जणांना आपण अजून उपदेशच करत आहोत.

"आजार म्हटले की पिणाऱ्याला पळवाट मिळते," असाही आक्षेप घेतला जातो. आम्हाला तसे वाटत नाही. मधुमेह झाला हा रोग्याचा गुन्हा नसतो, पण गोळी घेणे आणि पथ्य पाळणे ही त्याचीच जबाबदारी असते. इथेही तसेच आहे. आणि घरात मारहाण होत असेल तर आजाराचे कारण तिथे चालणार नाही. बायकोची आणि मुलांची सुरक्षितता सर्वांत आधी. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतीचे क्रमांक आहेत. ते वापरण्यात घराची अब्रू जात नाही.

विद्यार्थी मित्रहो, आता थोडे तुमच्याशी. ज्यांच्या घरात हा त्रास आहे त्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वडील पितात यात तुमचा दोष नाही. ते बरे व्हावेत म्हणून तुम्ही पहिला नंबर काढायला हवा असेही नाही. आणि ही गोष्ट एकट्याने छातीत दाबून ठेवायची नाही. विश्वासाच्या बाईंना, गुरुजींना, आजीला किंवा मामाला सांगा. बाकीच्यांनी एवढेच करावे, की कोणाच्या वडिलांवरून कोणाला चिडवू नये. आणि सर्वांसाठी आणखी एक. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, १५ वर्षांच्या आत दारू सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण पुढे कधी ना कधी तिच्या आहारी गेले. २० वर्षांनंतर सुरू केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. मेंदूचा "थांब" म्हणणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. घडत असताना त्याला नशेची सवय लावली तर ती खोल रुजते. गांजाचेही तसेच आहे आणि पानठेल्यावरच्या खर्र्याचेही. "एकदा चाखून बघ" म्हणणाऱ्याला सरळ "नको" म्हणून चालू लागावे. त्याच्याशी वाद घालण्याची गरज नाही.

पालकांना एक विनंती. मुलाच्या हातात पैसे देऊन त्याला बाटली, शिंदी किंवा खर्रा आणायला पाठवू नका. आपल्याला ते किरकोळ काम वाटते, पण मुलाचे पाय त्या दुकानाची वाट शिकतात. हळदीच्या रात्री आणि पोळ्याच्या सणात "आज चालते" म्हणून पोराच्या पेल्यात कोणी ओतत असेल तर ते तिथेच थांबवा.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही चार सूचना ठेवतो. शाळाशाळांतून २६ जूनला व्यसनविरोधी शपथ घेतली जाते. ती जरूर घ्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये. एक, वर्षातून एकदा पालकसभेत आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांना बोलवावे आणि मराठी व तेलुगु दोन्ही भाषांत प्रश्नोत्तरे व्हावीत. दोन, एका शिक्षिकेला आणि एका शिक्षकाला प्राथमिक समुपदेशनाचे प्रशिक्षण द्यावे, म्हणजे मुलांना बोलायला जागा मिळेल. तीन, अशा घरातल्या मुलाची फी थकली, वही नसली किंवा तो उशिरा आला, तर वर्गासमोर विचारणा होऊ नये. बाजूला घेऊन विचारावे. चार, शाळेच्या कोणत्याही कार्यक्रमासाठी दारू विकणाऱ्याकडून वर्गणी घेऊ नये. या चौथ्या सूचनेने काहींची अडचण होईल हे आम्ही जाणतो. वर्गणी थोडी कमी जमेल. पण व्यासपीठावरच्या फलकावर एक नाव आणि मुलांच्या तोंडी त्याविरुद्धची शपथ, हे दोन्ही एकाच दिवशी शोभत नाही.

ज्यांना आज मदत हवी आहे त्यांनी व्यसनमुक्तीसाठी असलेल्या १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

शेवटी एवढेच सांगायचे आहे. उपचार घेऊन आलेला माणूस कदाचित एकदा, दोनदा पुन्हा घसरेल. साखर वाढलेल्या रोग्याला आपण जसे पुन्हा डॉक्टरकडे नेतो तसे त्यालाही न्यावे. आणि जो सावरून उभा राहतो आहे त्याला गावात काम द्यावे, पंगतीत बोलवावे, शाळेच्या स्नेहसंमेलनात मांडव घालण्याची जबाबदारी द्यावी. काल काय झाले हे त्याला सगळे आठवत असते. आपण त्याला पुन्हा आठवण करून द्यायची गरज नाही. त्याची मुले त्या दिवशी समोर बसलेली असतील आणि बापाला चारचौघांत मानाने काम करताना पाहतील, हेही आपण लक्षात ठेवू या.